ट्रक नसलेली वाट

सिल्लोडमध्ये सायकल चालवणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत. पहाटे दूध घालणारे दोन-चार जण, बाजारात जाणारे काही वृद्ध, आणि शाळेत जाणाऱ्या मुली. मुलगे आठवीपासूनच वडिलांच्या मोटारसायकलकडे बघू लागतात. मुलींच्या सायकली दहावीनंतर घरामागच्या भिंतीला टेकतात आणि तिथून भंगारवाल्याकडे जातात. आम्ही बरीच वर्षे उर्दू आणि मराठी शिकवतो. (घरी दखनीत 'हम' म्हणायची सवय आहे, ती लिहितानाही सुटत नाही.) दरवर्षी जूनमध्ये शाळेच्या पटांगणातली सायकलींची रांग मोजायचा आम्हाला नाद आहे. रांग आखूड होत चालली आहे. मुलींची हौस कमी झाली म्हणून नव्हे. कारण रस्ता आहे.

छत्रपती संभाजीनगरहून जळगावला जाणारा महामार्ग सिल्लोडवरून जातो. अजिंठ्याची लेणी बघायला निघालेले सारे जग याच रस्त्याने येते. कित्येक वर्षे तो उखडलेला होता, तेव्हा धुळीने जीव नकोसा व्हायचा. आता तो रुंद आणि गुळगुळीत झाला आहे, तर वेगाने जीव घाबरा होतो. मका आणि कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या, मिरची भरलेल्या पिकअप, त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या लक्झरी बस. या सगळ्यांच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर, दप्तर कॅरिअरला लावून एक मुलगी सायकल चालवते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा, म्हणजे आई-वडिलांचे काय होत असेल ते कळेल.

आमची मुलगी नववीत असताना एका ट्रॉलीने तिला कडेच्या खडीत उतरवले. कोपर खरचटले, बाकी काही झाले नाही, अल्लाहचा शुक्र. पण संध्याकाळी तिच्या अब्बांनी निकाल दिला, "कल से सायकल बंद. रिक्षा लगा देतूं मैं." त्यांचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही. रिक्षात नऊ मुली कोंबलेल्या असतात, दर महिन्याला पैसे मोजावे लागतात, रिक्षावाला आजारी पडला की शाळा बुडते. तरी ट्रकपेक्षा रिक्षा बरी, असेच कोणीही म्हणेल.

तोड सुचवली ती सासूबाईंनी. त्या सुपारी कातरत बसल्या होत्या. म्हणाल्या, "सडक से कायको जाना? पांदन हय ना पिच्छे." त्यांच्या तरुणपणी कापूस वेचायला जाणाऱ्या बाया त्याच पांदणीने जात. आमच्या वस्तीच्या मागून निघून ती शेताशेतांतून शाळेच्या मागच्या अंगाला निघते. आम्ही या गावात सून म्हणून आलो त्याला वीस वर्षे झाली, पण ती वाट अजून चालत असेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते. दोन्ही बाजूंना बाभळी, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या, काही ठिकाणी मुरूम, काही ठिकाणी काळी माती. मुलीने एका रविवारी ती पालथी घातली आणि परत येऊन सांगितले, "अम्मी, पूरे रस्ते में एक बी गाडी नइ मिली. एक म्हैस मिली."

अब्बांची अट एकच होती, की पहिले काही दिवस कोणीतरी सोबत जायचे. त्यांना सकाळी दुकान. मग उरलो कोण? आम्हाला लहानपणी सायकल येत होती, नळाच्या मधून पाय घालून कैची मारत शिकलेली. लग्नानंतर सुटली. माहेरच्या मोहल्ल्यात चालवणे वेगळे आणि सासरच्या गावात, शाळेतल्या बाईने, चाळिशीत चालवणे वेगळे. पण पांदणीवर बघायला असते कोण? एक म्हैस. अशा तऱ्हेने आम्ही मायलेकी सायकलवर आलो.

त्या पांदणीने आम्हाला जे शिकवले ते कुठल्या प्रशिक्षण शिबिरात शिकवत नाहीत. मुरूम आणि काळी माती यांच्या वागणुकीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच काळ्या दगडाची लेकरे. बेसॉल्ट कुजून आधी मुरूम होतो, आणखी कुजला की काळी माती. मुरमातून पाणी निथळून जाते, पाऊस थांबल्यावर तासाभरात चाक चालते. काळी माती मात्र पाणी पिऊन फुगते. तिच्यात सायकल घातली की मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये चिखल असा गच्च बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. एक शेतकरी दादा बांधावरून ओरडून सांगायचे, "बाई, म्होरं लई गारा झालाय, तिकडून बांधानं जा." आता आम्हाला लांबून रंग बघून कळते की कुठे उतरायचे आणि कुठे बसून राहायचे.

दुसरा धडा हवेचा. डांबरी रस्त्यावर टायर दगडासारखा टणक भरतात, तसा इथे भरला तर प्रत्येक खडा थेट मनगटात आणि मणक्यात येतो. हवा थोडी कमी ठेवली की टायर खड्यावर दबतो, उसळत नाही, आणि पकडही चांगली राहते. फार कमी केली तर मात्र रिम आपटून ट्यूब फाटते. तिसरा धडा बाभळीच्या काट्यांचा. पहिल्या महिन्यात सहा पंक्चर झाले. पंक्चरवाल्याकडे सायकल ढकलत नेण्यापेक्षा मुलीने त्याच्याकडूनच काम शिकून घेतले. पान्हा, पॅच, घासायचा कागद, सुलेशनची ट्यूब आणि छोटा पंप एका डब्यात घालून तो डबा ती कॅरिअरला बांधते. आमच्या शाळेत आता पंक्चर काढणाऱ्या तीन मुली आहेत. प्रगतिपुस्तकात त्याला रकाना नाही.

कपड्यांचे भगिनी विचारतात म्हणून सांगतो. सलवारीचा घोळ कमी ठेवावा, उजव्या पायाला पट्टी बांधावी, स्कार्फ पिनांनी बसवावा, दुपट्टा खांद्यावरून सोडू नये. बुरखा असेल तर पुढून बटणांचा आणि घेर कमी असलेला घ्यावा. चेनला पूर्ण कव्हर असलेली सायकल घ्यावी, म्हणजे कापड अडकण्याचा प्रश्नच मिटतो. यात अवघड असे काही नाही.

याच सुमारास मुलीने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. स्पेनच्या डोंगरांतली वाट, तांबूस मातीची, दोन्हीकडे जैतुनाची झाडे, आणि त्या वाटेवर सायकलवरून जाणारे एक आजी-आजोबा. "अम्मी, यह तो अपनी पांदन हय," ती म्हणाली. आमचे लक्ष गेले ते नावाकडे. प्रांत अंदालुसिया, म्हणजे आमच्या उर्दूच्या तासाला येणारे अंदलुस.

पुढे त्याबद्दल बरेच वाचले. अशा कच्च्या वाटांवर चालवायच्या सायकलींची एक जातच आता जगात निघाली आहे. तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. शर्यतीच्या सायकलीसारखे वाकवलेले हँडल, पण टायर जाड, सुमारे ४० मिलिमीटरचे, आणि चढासाठी हलके गिअर. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावी २००६ मध्ये खडीच्या रस्त्यांवरची एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली, तेव्हापासून हे खूळ वाढत गेले. भूमध्य समुद्राकाठच्या डोंगराळ मुलखांत तर लोक सुट्ट्या काढून त्यासाठी जातात. अशी चांगली सायकल आपल्याकडे मोटारसायकलच्या भावात मिळते, तेव्हा तो विषय आम्ही तिथेच मिटवला.

सायकलपेक्षा आम्हाला रस्त्याची गोष्ट महत्त्वाची वाटली. स्पेनमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ उचलून त्या पट्ट्यावर फक्त चालणारे आणि सायकलवाले जातील अशा वाटा केल्या आहेत. त्यांना ते 'हिरव्या वाटा' म्हणतात. हे काम १९९३ पासून चालू आहे आणि आज अशा वाटांची लांबी ३,००० किलोमीटरच्या वर गेली आहे. रेल्वेला चढ झेपत नाही, म्हणून मार्ग मुळातच मंद चढाचा असतो. डोंगर आला की बोगदा, दरी आली की पूल. त्यामुळे डोंगराळ भागातही म्हातारे आणि लहान मुले सहज सायकल चालवतात. कादिसच्या डोंगरातली अशी एक वाट सुमारे ३६ किलोमीटरची आहे, तिच्यावर ३० बोगदे आहेत. गंमत अशी की तो रेल्वेमार्ग कधी पूर्णच झाला नाही. बोगदे खणले, पूल बांधले, आणि गाडी एकदाही धावली नाही. शेवटी त्यावरून धावल्या त्या सायकली. वाटेत एक मोठा सुळका आहे, तिथे गिधाडांची मोठी वसाहत आहे. आमच्या लहानपणी गावाबाहेर गिधाडे दिसत. पुढे जनावरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक औषधामुळे ती मेली. २००६ मध्ये त्या औषधाच्या जनावरांवरील वापराला बंदी आली, पण सिल्लोडच्या आभाळात गिधाड पाहिलेला एकही विद्यार्थी आमच्या वर्गात नाही.

हायेन प्रांतातली दुसरी एक वाट जुन्या 'तेलाच्या गाडी'च्या मार्गावर आहे. ती गाडी जैतुनाचे तेल वाहून नेई. स्पॅनिशमध्ये तेलाला 'आसेइते' म्हणतात, आणि तो शब्द आला आहे अरबी 'अज़्-ज़ैत'वरून. त्याच प्रांतातून वाहणारी ग्वादालकिवीर नदी म्हणजे 'अल-वादी अल-कबीर', मोठी वादी. आठवीच्या वर्गात आम्ही हे फळ्यावर लिहिले तेव्हा मुलांनी पटापट आपले शब्द सांगितले. ज़ैतून, वादी, कबीर. इतिहासाच्या तासाला अंदलुस नेहमी 'गमावलेले' म्हणूनच येते. त्याच मुलखात आज कोणी आजी सायकलवरून जैतुनाच्या बागा बघत जाते, ही बातमी मुलांना जास्त आवडली.

आपल्याकडे असे का नाही, असे मुलीने विचारले. सिल्लोडला रेल्वे आलीच नाही, त्यामुळे बंद पडलेली रेल्वेही नाही, हे एक सोपे उत्तर. जालना ते जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे आणि तो सिल्लोडवरून जाईल, तेव्हा आमची रेल्वे अजून जन्मायची आहे. घाटाखाली पाचोरा ते जामनेर अशी छोट्या रुळांची गाडी होती. लोक तिला 'पीजे' म्हणत. एके काळी लेण्यांना जाणारे प्रवासी तिने पहूरपर्यंत येत. २०२० मध्ये ती बंद झाली. तिथे आता रुंद रूळ टाकायचे ठरले आहे, त्यामुळे तिचीही सायकलवाट होणार नाही. आणि ते योग्यच आहे, गरीब माणसाला गाडी हवी.

पण आपल्याला रूळ उचलायची गरजच काय? वाटा तर आहेतच. गावचा नकाशा कधी पाहिला नसेल तर जरूर पाहा. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीरस्ता, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट. महसुलाच्या जुन्या हिशेबाप्रमाणे गाडीरस्ता साडेसोळा ते एकवीस फुटांचा आणि पायवाट सव्वाआठ फुटांची. हे आकडे विचित्र वाटतात, पण मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. तिची निम्मी साडेसोळा, तिची पाव सव्वाआठ. आमच्या नकाशावर या रेषांचे जाळे पसरलेले आहे, जणू पिंपळाच्या पानाच्या शिरा. गावाला गाव, वाडीला वाडी, नदीला शेत जोडणारे. यातल्या किती आज जमिनीवर सापडतील, तो प्रश्न वेगळा. त्याकडे पुढे येतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही लांबची मोहीम केली. आतापर्यंत धाकटाही सामील झाला होता, आणि अब्बा 'सामान बघायला' म्हणून. ओळखीच्या टेम्पोत सायकली घालून फज्रनंतर निघालो, उंडणगावच्या पुढे उतरलो आणि शेतवाटांनी हळद्याकडे गेलो. मुलीसाठी एक जुनी गिअरची सायकल घेतली होती, जाड टायरची. आमची साधीच. मक्याची कणसे खळ्यावर पिवळीधमक पडलेली, कापूस फुटलेला, बांधावर तूर फुलात आलेली, आणि टेकड्यांवर उशिराची सीताफळे. वाटेवर भेटणारे म्हणजे बैलगाडी, शेळ्या, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या बाया. प्रत्येक जण थांबून विचारी, "कोणत्या गावचे?" महामार्गावर हा प्रश्न कोणी विचारत नाही.

हळद्याच्या पुढे पठार एकदम संपते. दक्षिणेकडून येताना कळतच नाही की आपण डोंगरावर आहोत. जमीन हळूहळू चढत असते आणि अचानक समोर काहीच नसते. खाली खानदेश, वेताळवाडीचे धरण, आणि डाव्या-उजव्या हाताला अजिंठ्याच्या रांगेचे कडे. मुलांना उभे करून सांगितले, की इथे पडलेल्या पावसाचे पाणी पाठीमागे वाहिले तर पूर्णेतून गोदावरीला जाते आणि पुढे वाहिले तर तापीला. एक बंगालच्या उपसागराला, एक अरबी समुद्राला. धाकट्याने बाटलीतले थोडे पाणी दोन्ही बाजूंना ओतले.

घाटातली डांबरी सडक वळणे घेत वेताळवाडीच्या किल्ल्याच्या अंगाने उतरते. वाहने फार कमी. मुलीला थेट सोयगावपर्यंत उतरायचे होते. आम्ही तिला ब्रेकचे रबर दाखवले आणि परत चढायचे आहे याची आठवण दिली. किल्ल्यापर्यंत उतरलो, बुरुजाच्या सावलीत पराठे आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, तिथेच ज़ोहरची नमाज पढली आणि मागे फिरलो. चढावर मुलीने पुढचे लहान आणि मागचे मोठे चक्र लावले आणि ती बसल्या जागी पायडल मारत वर गेली. आम्ही सायकल हातात धरून चढवली. धाकट्याची सायकल अब्बांनी ढकलली आणि वर आल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अच्छा हय. हर महिने आना." त्यांच्या तोंडून एवढे निघणे म्हणजे मानपत्रच.

जंजाळ्याचा किल्ला याच रांगेत, आंभईच्या बाजूला. तिथे जुनी मशीद आहे, फारसी शिलालेख आहेत, आणि जवळच घटोत्कच लेणे, ज्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा पाचव्या शतकातला लेख आहे. एका मुलखात दोन लिप्यांतले लेख. उन्हाळ्याआधी तिथे जायचे आमचे ठरले आहे. जंगलाच्या हद्दीत वनखात्याला विचारूनच जावे आणि सूर्य कलायच्या आत बाहेर पडावे. या डोंगरांत बिबट्या आहे.

लोक बोलले का? बोलले. एका लग्नात एक खाला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बड्डी लडकी को सायकल पे फिराते, अच्छा दिखता क्या?" आम्ही उत्तर द्यायच्या आधीच सासूबाईंनी दिले. हज़रत आयशा (रजि.) यांनी प्रेषितांबरोबर (स.) धावण्याची शर्यत लावली होती आणि पहिल्यांदा त्याच जिंकल्या होत्या, ही हदीस त्यांनी जेवणाच्या पंगतीत सांगितली. मग त्या खालांना शीरखुर्मा वाढला. विषय संपला.

आम्हाला स्वतःला तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईचे उदाहरण जवळचे वाटते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरतेची चळवळ चालू होती. तिच्यातच बायकांना सायकल शिकवायचे ठरले. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकथ यांनी त्याला जोर दिला. हजारो बायका शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीताई, शिक्षिका, आणि त्यांत मुस्लिम मुलीही मोठ्या संख्येने होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. बसची वाट बघायची नाही, नवऱ्याला किंवा भावाला विचारायचे नाही, पाणी आणि बाजार एका फेरीत. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून अनेक मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. योजना चांगली आहे. पण सायकल देताना ती कुठून चालवायची, हे कोण बघते? दोन चाके मिळाली आणि ट्रकच्या शेजारी सोडले, तर ती सायकल सहा महिन्यांत भिंतीला टेकणारच.

आता आमच्या पांदणीकडे येतो, कारण हे सगळे लिहायला बसलो ते तिच्यामुळे.

गेल्या पावसाळ्यात पेरणीच्या वेळी तिचा मधला तुकडा नांगरला गेला. सकाळी मुली निघाल्या तर वाट संपलेली, पुढे तासांच्या ओळी. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या शेतकऱ्याला भेटलो. वयाने वडील माणूस, बांधावर घोंगडी टाकून बसवले, पाणी दिले. नकाशाची प्रत दाखवली. ते म्हणाले, "बाई, नकाशात आसंल. पर मह्या बापाच्या टायमाला इथून वरसातून दोन गाड्या जायच्या. आता रस्ता म्हणून सोडला की मागचे समदे ट्रॅक्टर घालतेत. दोन एकरांत सात माणसं खातेत. साडेसोळा फूट कुठून सोडू?" आम्ही मुलींचे सांगितले. त्यावर ते चटकन म्हणाले, "पोरींनी जावं की. पोरींना कोण अडवतंय?" आणि खरेच, त्यांनी बांधालगत फावड्याने हातभर रुंदीची पट्टी साफ करून दिली. त्यांची नात पाचवीत आहे.

कायदा आमच्या बाजूने आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढून देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. रस्ताच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली बांधावरून वाट मागता येते. पलीकडच्या शेतकऱ्यांनी तसा अर्ज दिलाही आहे, आणि त्यांचीही बाजू खरी आहे. पावसाळ्यात मका शेतातून बाहेर काढता येत नाही, बैल चिखलात रुततात, आजारी माणसाला खाटेवर घालून आणावे लागते. शेत-पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये राज्याने मातोश्रींच्या नावाची योजनाही आणली.

आमची अडचण वेगळीच आहे, आणि ती अर्जात कशी मांडावी हे कळत नव्हते. आमची वस्ती गावाच्या कडेला. पांदणीच्या दोन्ही बाजूंना प्लॉटिंगच्या खुणा रोवायला सुरुवात झाली आहे. उद्या ही पांदण एकवीस फूट रुंद झाली, तिच्यावर खडी आणि डांबर पडले, तर दोन वर्षांत वाळूचे हायवा आणि विटांचे ट्रक महामार्गाचा टोल नाक्यासारखा गजबजाट टाळून इथूनच जातील. मग मुली कुठून जाणार? हक्क मागितला तर वाट ट्रकची होते, न मागितला तर वाट नांगराखाली जाते. अब्बा म्हणतात, रस्ता होऊ द्यावा, जमिनीला भाव येईल. मुलगी त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

शेवटी आम्ही गावातल्या सहा पालकांच्या सह्या घेऊन वेगळा अर्ज केला. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत. रस्ता मोकळा करावा. त्यावर डांबर न टाकता मुरूम दाबून बसवावा, बैलगाडी आणि ट्रॅक्टरला तेवढे पुरते. आणि शाळेकडच्या टोकाला दगडी खांब रोवून तिथून फक्त पायी आणि सायकलने जाता येईल असे करावे. त्या टोकाला कोणाचे शेत नाही, शाळेची मागची भिंत आहे, त्यामुळे कोणाचा ट्रॅक्टर अडत नाही. हा तिसरा मुद्दा मुलीचा. स्पेनमध्ये असे खांब असतात, असे तिने चित्रफितीत पाहिले होते. अर्ज घेणाऱ्या साहेबांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "खांब कशाला?" आम्ही सांगितले. ते म्हणाले, असा अर्ज पहिल्यांदाच आला.

त्या वडीलधाऱ्या शेतकऱ्यालाही आम्ही अर्जाची प्रत नेऊन दिली, कारण त्यांच्या मागे काही करायचे नव्हते. त्यांनी नातीकडून ती वाचून घेतली. मुरमाचे ऐकून म्हणाले, "डांबर नसंल तर बघू. पर झाडं दोन्ही अंगाला नका लावू, सावलीखाली माल येत नाही." त्यांचे म्हणणे आम्ही अर्जात जोडले.

गहू निघाल्यावर जागेची पाहणी होणार आहे. दहावीची परीक्षा त्याच सुमारास. तोपर्यंत पाच मुली रोज बांधालगतच्या त्या हातभर पट्टीवरून एकामागे एक जातात, आणि त्यांच्या मागे, थोडे अंतर ठेवून, आम्ही.